आक्कांची म्हैस आणि माझी वही

सोलापूर,
१२ मे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. लेकाला व्हेटर्नरीला घालू का आणि माझ्यासारखा संशोधनात पडला तर त्याच्या हाती काय लागेल, असं विचारलंयस. फोनवर सांगता आलं असतं, पण गोष्ट तुझ्याच गोठ्यातून सुरू होते, म्हणून लिहायला बसलो.

आक्कांची पंढरपुरी म्हैस आठवते ना? शिंगं पार खांद्यामागं गेलेली. पहाटे धारेला बसल्या की आक्का म्हणायच्या, "आज हिनं पान्हा चोरलाय, माजावर आली दिसते." आपल्याला काहीच दिसायचं नाही. ना हंबरणं, ना धावाधाव. पुढं परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात 'मुका माज', म्हणजे बाहेर लक्षणं न दाखवणारा माज, शिकवला, तेव्हा वर्गात बसल्याबसल्या मला आक्काच आठवल्या.

माझी सारी नोकरी या मुक्या माजामागं गेली. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी. अंग तापलं की माज दबतो, दिसलाच तर रात्री नाहीतर पहाटे. साधारण २१ दिवसांचं चक्र. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. असे तीन-चार हुकले की म्हैस भाकड बसते, वैरण मात्र रोज लागते. त्यात गाभणकाळ सव्वादहा महिन्यांचा. लहान शेतकऱ्याचं वर्ष यातच बुडतं रे.

म्हणून मी रात्री गोठ्यात काढल्या. कंदील आणि वही घेऊन. सारखी लघवी, बळसाची, म्हणजे माजात योनीतून येणाऱ्या चिकट स्रावाची, काचेसारखी तार, दूध आखडणं, सगळं वेळेसकट लिहायचं. सकाळी रक्त घ्यायचं. माजाच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, अगदी खाली गेलेलं असतं. धार काढणाऱ्या बाईनं सांगितलेला दिवस आणि रक्ताचा अहवाल जुळला की मला जो आनंद व्हायचा, तो कुठल्या बढतीनं दिला नाही.

पण बाईला आधी विचारायचं, हे मी फार महागात शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत सांगोल्याकडं एका घरी म्हैस तपासली. माज दिसत नाही, असं घरातल्या पुरुषांनी सांगितलं. हाताला बीजांडावर पीतपिंड लागला, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं तयार होणारी, माज रोखून धरणारी गाठ. तो असताना प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं की विरघळतो आणि जनावर माजावर येतं. पण गाभण जनावरातही पीतपिंड असतोच, आणि तिथं तेच औषध गाभ पाडतं. गर्भाशय नीट चाचपायला हवं होतं. मी घाई केली आणि सव्वा महिन्याचा गाभ गेला. घरच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, रानात रेडा लागला व्हता." त्या धार काढायच्या. त्यांच्याकडं मी मान वळवूनही पाहिलं नव्हतं. आजही ते घर आठवलं की पोटात कालवतं.

आता विद्या खूप पुढं गेलीय. २००९ साली कर्नालच्या संस्थेत गरिमा नावाची क्लोन रेडी, म्हणजे एका म्हशीच्या पेशीपासून केलेली तिची हुबेहूब नक्कल, जन्मली. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत डीएनए थोडासा जास्त असतो, तेवढ्या फरकावर यंत्र शुक्राणू वेगळे करतं आणि बहुतेक वेळा रेडीच होते. तुझ्या लेकाला हे सगळं शिकायला मिळेल, याचा मला मनापासून हेवा वाटतो. तरीही उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमधली ती रेताची पाव मिलीची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून कितीही नीट वितळवली, तरी माजाची वेळ चुकली तर ती वाया जाते. आणि ती वेळ गोठ्यातच कळते.

लेकाला जरूर घाल. पण अर्ज भरण्याआधी चार दिवस माझ्याकडं पाठव. पहाटे तीनला उठावं लागेल, शेणामुतात उभं राहावं लागेल, कोपरापर्यंत हात घालावा लागेल. नको वाटलं तर राग नाही, दुसरं काही शिकू दे.

आणि आक्कांना एक विचारून कळव. ती म्हैस आपल्याकडं किती वेतं व्याली, आणि त्यातली उन्हाळ्यात भरलेली किती? त्यांना नक्की आठवत असेल. वहीचं पान मोकळं ठेवलंय.

तुझाच