‘आठवडाभर आधी गोळ्या बंद’ हा सरसकट सल्ला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या तयारीवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. पण ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्यात’ हे त्यातलं एक वाक्य वाचून राहवलं नाही. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे आणि हे असंच कुठेतरी ऐकून परस्पर गोळ्या सोडून आलेले रुग्ण मला वरचेवर भेटतात.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दाखल झालेले एक काका आठवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवून वर्षही झालं नव्हतं. त्यांनी पिशवीतून सगळ्या स्ट्रिप काढून माझ्यापुढे मांडल्या, त्यात स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या ॲस्पिरिनची अर्धीअधिक शिल्लक. “ती सोडली, रक्त फार जाईल म्हणाले.” कोण म्हणाले, तर शेजारी आणि जावई. हृदयरोगतज्ज्ञांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या भूलतज्ज्ञांनी तिथूनच त्यांना फोन लावला आणि ॲस्पिरिन त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. शस्त्रक्रियाही ती चालू ठेवूनच झाली. पहिली रात्रभर आम्ही ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं, रक्त मोजत होतो. ते नेहमीइतकंच आलं.

एका रुग्णावरून नियम ठरत नाही, हे मलाही कळतं. ‘पॉइज-२’ ही सुमारे दहा हजार रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या वेळी ॲस्पिरिन दिल्याने एकंदरीत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत आणि मोठा रक्तस्राव शंभरात ३.८ वरून ४.६ जणांवर गेला. तेव्हा स्टेंट नाही, झटका आलेला नाही, नुसती खबरदारी म्हणून जे ॲस्पिरिन घेतात, त्यांची बहुधा थांबवता येते. पण नुकताच स्टेंट बसवलेल्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. आणि ज्यांना पूर्वी कधीतरी स्टेंट किंवा अँजिओप्लास्टी झाली होती, त्यांच्यात ॲस्पिरिनने झटके कमी झाल्याचं पुढच्या विश्लेषणात दिसलं. मेंदू किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेत मात्र थोडं रक्तही महागात पडतं. तिथे हिशेब पुन्हा बदलतो.

शिवाय प्रत्येक गोळीचा कालावधी वेगळा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, तेही स्टेंट किती जुना आहे ते पाहून. वॉरफरिनही पाच दिवस आधी, मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) पाहून. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्या मूत्रपिंड नीट चालत असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी दोन दिवस थांबवल्या तरी पुरतं. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाने त्या आठवडाभर सोडल्या, तर मधले कितीतरी दिवस तो विनाकारण पक्षाघाताच्या धोक्यात राहतो.

त्यात कर्करोगानेच रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे लेखात कुठेच आलेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलं की पायात गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना गुठळी रोखणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं घरी गेल्यावरही, एकूण चार आठवड्यांपर्यंत, देतात. म्हणजे औषध कधी थांबवायचं याइतकंच ते पुन्हा कधी सुरू करायचं हे महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्डावर नेमकं हेच लिहायचं राहून जातं. मग घरचे ‘डॉक्टरांनी बंद केली’ म्हणत महिनोन्महिने गोळी देत नाहीत.

रुग्णांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रत्येक गोळीसमोर शेवटचा डोस कधी आणि पुन्हा पहिला डोस कधी, या दोन तारखा लिहून मागा. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ज्यांनी ती गोळी सुरू केली ते डॉक्टर, या तिघांचं एकमत झाल्याशिवाय गोळीला हात लावू नका. पहिल्या भेटीतच विचारा, आदल्या दिवशी नव्हे.

आपणही पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि शक्यतो लेखाच्याच जागी, ठळक अक्षरांत.

आपली,
एक परिचारिका