प्रोसेसर एक, करार अनेक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नव्या प्रोसेसरची बातमी आली की सूचनासंच, कोअरची संख्या आणि वेग यांवर रकाने भरतात. प्रोग्रॅमचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरच्या वाट्याला मात्र ‘कंपायलरही तयार आहे’ एवढं एकच वाक्य येतं. त्या वाक्यामागचं सर्वांत किचकट काम म्हणजे एबीआय, म्हणजे फंक्शनांमधल्या देवाणघेवाणीचा करार, सांभाळणं, आणि त्याबद्दल एक गैरसमज बॅकएंड (कंपायलरचा यंत्रकोड बनवणारा भाग) लिहिणाऱ्यांतही आढळतो: प्रोसेसर कळला की एबीआय आपोआप कळतो. तसं नसतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावरून काढायला गेलं की घोटाळा होतो.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा कोणतं मूल्य कोणत्या रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) ठेवायचं, रजिस्टरं संपली की स्टॅकवर (त्यासाठी राखलेल्या मेमरीत) कुठे, उत्तर कुठे शोधायचं आणि कोणती रजिस्टरं जशीच्या तशी परत करायची, हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असावं लागतं. हा अलिखित वाटणारा पण प्रत्यक्षात शेकडो पानांत लिहिलेला करार म्हणजे एबीआय.

साधं उदाहरण घेऊ. दोन ‘डबल’ (८ बाइटांचे दशांश आकडे) असलेलं १६ बाइटांचं स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेल्या मूल्यांचा गठ्ठा, एका फंक्शनला द्यायचं आहे. लिनक्सवर ६४-बिट एक्स८६ असेल तर ते एक्सएमएम० आणि एक्सएमएम१ या रजिस्टरांत जातं. त्याच चिपवर विंडोज असेल तर बोलावणारा त्याची प्रत मेमरीत करतो आणि फक्त तिचा पत्ता देतो, कारण तिथे १, २, ४ किंवा ८ बाइटांचंच स्ट्रक्ट रजिस्टरात मावतं असं ठरलं आहे. ६४-बिट आर्म या दुसऱ्या प्रोसेसर-कुळावर ते डी० व डी१ मध्ये जातं. रिस्क-फाइव्ह या तिसऱ्या कुळावर एलपी६४डी हा एबीआय असेल तर एफए० व एफए१ मध्ये, आणि एलपी६४ असेल तर ए० व ए१ या पूर्णांकांच्या रजिस्टरांत. चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश आकड्यांचं) हार्डवेअर असूनही एलपी६४ निवडता येतो. तशी गरजही पडते, जुनी लायब्ररी त्याच करारावर बांधलेली असते तेव्हा. आता तिसरा ‘डबल’ जोडा: लिनक्सवरच्या एक्स८६ला स्ट्रक्ट स्टॅकवर जाईल, आर्मवर तीन रजिस्टरांत राहील आणि रिस्क-फाइव्हवर पत्त्याने जाईल. मूळ प्रोग्रॅममधली एक ओळ वाढली, एवढंच.

क्लँग (सी भाषेतला प्रोग्रॅम वाचणारा कंपायलरचा पुढचा भाग) आणि एलएलव्हीएम (त्यातून यंत्रकोड बनवणारा मागचा भाग) या जोडीत हे काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. एलएलव्हीएमच्या मधल्या भाषेत सी भाषेतले सगळे प्रकार उरत नाहीत. उदाहरणार्थ युनियन (एकाच जागेत वेगवेगळे प्रकार ठेवू देणारा प्रकार) तिथे नाहीच. म्हणून स्ट्रक्टचं वर्गीकरण क्लँगला करावं लागतं: तुकडे कसे पाडायचे, पत्ता कधी द्यायचा, लहान पूर्णांकाला चिन्ह लावून वाढवायचं की शून्यं भरून. बॅकएंड मग त्या तुकड्यांना रजिस्टरं नेमतो. तुकडे पाडणाऱ्याला वाटतं रजिस्टरं शिल्लक आहेत, नेमणाऱ्याकडे ती संपलेली असतात, असं झालं की करार मोडतो. सरळ नियम टेबलजेन या एलएलव्हीएमच्या साधनाच्या तक्त्यांत छान बसतात, पण १२८-बिट पूर्णांक आला की तक्त्यांची दमछाक होते. एकच रजिस्टर शिल्लक असेल तर रिस्क-फाइव्ह त्याचा खालचा अर्धा भाग ए७ मध्ये आणि वरचा स्टॅकवर ठेवतं. एक्स८६वर लिनक्सचा करार अशी फाळणी करू देत नाही, अख्खा आकडा स्टॅकवर जातो. आर्मला तर जोडी सम क्रमांकापासूनच सुरू व्हायला हवी. असे नियम सरळ कोडमध्ये लिहिणं बरं. तक्त्यात कोंबून वाचणाऱ्याला चकवण्यात शहाणपण नाही.

याच १२८-बिट पूर्णांकाने किती काळ चकवलं पाहा. एक्स८६च्या करारानुसार तो १६ बाइटांच्या सीमेवर (१६ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर) हवा, आणि एलएलव्हीएमच्या डेटा लेआउटमध्ये (कोणता प्रकार मेमरीत कसा बसतो याच्या नोंदीत) मात्र तो ८ बाइटांवर होता. दुरुस्ती २०२४ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत झाली. क्लँगने स्वतः १६ची सीमा पाळल्याने सीमध्ये फारसं जाणवलं नाही, पण रस्ट या भाषेने एलएलव्हीएमचा आकडा तसाच उचलला होता. सीशी देवाणघेवाण करताना स्ट्रक्टमधल्या जागाच जुळत नव्हत्या.

लहान पूर्णांकांची गोष्ट आणखी फसवी आहे. ८ बिटांचं मूल्य ६४ बिटांच्या रजिस्टरात ठेवलं तर वरच्या बिटांचं काय? आर्मच्या मूळ करारात ते साफ करण्याची जबाबदारी बोलावलेल्याची आहे. अ‍ॅपलच्या आर्मवर बोलावणाऱ्याने ते ३२ बिटांपर्यंत वाढवून द्यायचं. ६४-बिट रिस्क-फाइव्हवर चिन्हरहित ३२-बिट आकडासुद्धा चिन्ह धरून वाढवतात. वाचायला विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. यात चूक झाली तर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याचं काम) बंद असताना सगळं बहुधा सुरळीत चालतं, कारण मूल्य दर वेळी मेमरीतून नव्याने उचललं जातं. ऑप्टिमायझेशन चालू केलं की रजिस्टरातला जुना कचरा वर तरंगतो आणि दोष ऑप्टिमायझरच्या माथी मारला जातो.

जपून ठेवायच्या रजिस्टरांचंही तसंच. आर्मवर व्ही८ ते व्ही१५ यांचे फक्त खालचे ६४ बिट जपले जातात. बॅकएंडने पूर्ण १२८ बिट जपले जातात असं धरलं, तर फंक्शन परतल्यावर व्हेक्टरचा (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या आकड्यांच्या गटाचा) वरचा अर्धा भाग गेलेला असतो. साध्या चाचण्यांत व्हेक्टर कोड तयारच होत नसल्याने हे महिनोन्‌महिने दिसत नाही. एक्स८६वर कॉलच्या वेळी स्टॅक १६ बाइटांवर हवा. तो ८ने सरकला तरी बहुतेक फंक्शनं चालतात आणि भलत्याच लायब्ररीत, जुळलेला पत्ता मागणाऱ्या एखाद्या सूचनेवर, प्रोग्रॅम कोसळतो. लिनक्सच्या करारात स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट न विचारता वापरता येतात. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ही सवलत बंद ठेवावीच लागते, कारण इंटरप्ट आला की हार्डवेअर त्याच जागेवर लिहितं.

करायचं काय, तर एबीआय एकाच फंक्शनमध्ये, अगदी सुरुवातीला ठरवा आणि बाकी बॅकएंडने तिथेच विचारावं. प्रत्येक फंक्शनला वेगळी सूचना-वैशिष्ट्यं देता येतात, पण एबीआय अख्ख्या मॉड्यूलचा (एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडचा) असतो. म्हणून तो मॉड्यूलवरच नोंदलेला हवा, नाहीतर लिंकच्या वेळी (सगळे भाग जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवताना) ऑप्टिमायझेशन करताना हरवतो. मागितलेला एबीआय हार्डवेअरला झेपत नसेल तर थांबा. एलएलव्हीएममधल्या रिस्क-फाइव्ह बॅकएंडने अशा वेळी संदेश छापून मागणी दुर्लक्षून पुढे जाण्याची वाट धरली, ती आम्हाला पटत नाही. हजार ओळींच्या बिल्ड लॉगमध्ये तो संदेश कोण वाचणार?

निवडलेला करार कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलवरही लिहा. रिस्क-फाइव्हच्या ईएलएफ या स्वरूपातल्या ऑब्जेक्ट फाइलीत फ्लोटिंग पॉइंटचा एबीआय दोन बिटांत नोंदलेला असतो, त्यामुळे न जुळणाऱ्या फाइली लिंकर सरळ नाकारतो. एक्स८६वर एव्हीएक्स हा व्हेक्टर-सूचनांचा संच चालू-बंद केल्याने २५६-बिट व्हेक्टर देण्याची पद्धत बदलते, पण तिथे लिंकरला काहीच कळत नाही. कंपायलरचा इशारा दिसला तर दिसला.

चाचणी घेताना दोन्ही बाजू एकाच कंपायलरने बनवू नका, दोघंही सारखंच चुकले तर निकाल बरोबरच येतो. बोलावणारा जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने, बोलावलेला क्लँगने, मग उलट, शिवाय दोन्ही सारखे, अशा चारही जोड्या चालवा. स्ट्रक्ट यंत्रानेच यादृच्छिक तयार करा, त्यात रिकामी आणि एका घटकाची हवीतच: सी++१७ मधल्या रिकाम्या पायाभूत वर्गामुळे जीसीसीला १०.१ आवृत्तीत काही प्रोसेसरांवर पॅरामीटर देण्याची पद्धत दुरुस्त करावी लागली होती. पॅरामीटरांची संख्या १ पासून रजिस्टरं संपून दोन-चार पुढे जाईपर्यंत वाढवा. अनिश्चित संख्येच्या पॅरामीटरांची फंक्शनं वेगळी तपासा, कारण रिस्क-फाइव्हवर त्यांतले ‘डबल’ पूर्णांकांच्या रजिस्टरांत जातात आणि अ‍ॅपलच्या आर्मवर ते सगळे स्टॅकवर. एक्सेप्शनचीही एक चाचणी असू द्या. एक्स८६वर डीबग माहितीत, जिचे क्रमांक एक्सेप्शन हाताळतानाही वापरले जातात, आरडीएक्स या रजिस्टरचा क्रमांक १ आणि आरसीएक्सचा २ आहे, सूचनांच्या सांकेतिक क्रमांकांत नेमकं उलट, आणि ही अदलाबदल एरवी कुठेच उघडी पडत नाही.

आपले,
कंपायलर क्षेत्रात काम करणारे काही वाचक