शोरूमचं शटर पडलं, ट्रॅक्टर मात्र आमच्याच गळ्यात

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो, कापायचं तर कापा पण मधला क्लेमचा भाग तेवढा ठेवा.

गणपतीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावातलं ट्रॅक्टरचं शोरूम बंद झालं. बंद होणार म्हणून कुणी काही सांगितलं नव्हतं, मी आपला ऑइल फिल्टर आणायला गेलो तर शटर खाली, वरचा फ्लेक्स उतरवलेला, त्याचा लोखंडी सांगाडा तेवढा उभा आणि बाजूच्या काचेवर अजून 'शून्य डाउन पेमेंट' चिकटवलेलं. समोरचा चहावाला म्हणाला आठ दिवस झाले की, शेवटचे दोन ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून नेले. मला कंपनीचा वाढदिवसाचा मेसेज येतो, दिवाळीचा येतो, एक्स्चेंज मेळाव्याचा तर आठवड्याला येतो, म्हणजे माझा नंबर त्यांच्याकडं आहे. पण तुमचा डीलर बंद होतोय, आता सर्व्हिसला कुठं जायचं ते बघा, एवढा एक मेसेज कुणाला टाकावासा वाटला नाही.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागातला, पावणेतीन एकर द्राक्ष आणि थोडं डाळिंब. बागेत मोठा ट्रॅक्टर चालत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी मिनी ट्रॅक्टर घेतला, मागं औषध फवारायचा सहाशे लिटरचा ब्लोअर. ज्यांना बागेचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा म्हणजे कोवळा कोंब फुटला की पुढचे पंधरा-वीस दिवस माणूस झोपत नाही. पाऊस पडला, ढगाळ राहिलं की दावण्या म्हणजे बुरशीचा रोग येतो, आणि दावण्या घडावर बसला की वर्ष गेलं. त्या दिवसांत औषध संध्याकाळी मारायचं का उद्या सकाळी, यावर लाखाचा फरक पडतो. यंदा पावसानं काय केलं ते तुमच्याच पेपरात रोज येत होतं.

नेमकं तेव्हाच पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणारा दांडा, घसरायला लागला. लिव्हर टाकली की ब्लोअरचा पंखा फिरायचा, प्रेशर चढायचं आणि अर्ध्या ओळीत धप्प. बंद शोरूममध्ये पूर्वी मेकॅनिक असलेला पोरगा आता रोडला पत्र्याचं शेड टाकून बसलाय, त्याला फोन केला, बिचारा रात्री साडेआठला मोटरसायकलवर आला. बॅटरीच्या उजेडात खोलून बघितलं, क्लच प्लेट गेलेली, सीलमधून ऑइल आत गेलेलं. म्हणाला, "अण्णा, काम तासाभराचंय, पण प्लेट आणायची कुठनं? नंबर कंपनीच्या सिस्टीममध्ये असतोय आणि माझं लॉगिन शोरूमबरोबर गेलं." त्यानं जुन्या प्लेटचा फोटो चार ग्रुपवर टाकला. एक उत्तर विजयपूरहून आलं, दुसऱ्या मॉडेलची प्लेट आहे, घासून बसवता येईल. घासून बसवायला ती काय चूल आहे का!

ट्रॅक्टर वॉरंटीत होता. म्हणून मी म्हटलं रीतसर जाऊ. आता रीतसर म्हणजे कंपनीचं सांगलीतलं शोरूम, आमच्या गावापासून शंभर किलोमीटरच्या पुढं. कार असती तर ओढत-ढकलत नेली असती, मिनी ट्रॅक्टर शंभर किलोमीटर कोण चालवत नेणार, आणि पीटीओ उघडलेला. टेम्पोवाल्यानं साडेसहा हजार घेतले, जाऊन-येऊन नाही हं, फक्त जायचे. तिथं काउंटरवरच्या मुलानं चासीस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून म्हणाला, "काका, तुमची ५०० तासांची सर्व्हिस झालेलीच नाही. वॉरंटी बसत नाही." मी खिशातनं सर्व्हिसचं जॉबकार्ड काढलं. तारीख आहे, अवरमीटरचं रीडिंग आहे, ऑइलचे पैसे भरल्याची पावती आहे, डीलरचा निळा शिक्का आहे. पोरगं कागद उलटंपालटं करून बघतंय आणि म्हणतंय, "कागदावर आहे हो, पण सिस्टीमला दिसत नाही ना." जाता जाता त्या डीलरनं शेवटचे दोन-तीन महिने नोंदी चढवल्याच नव्हत्या, किंवा कंपनीनं त्याचं खातं आधीच लॉक केलं होतं, दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. मला काय त्याचं? मी सर्व्हिस वेळेवर केली, पैसे दिले, कागद जपला, अजून काय करायचं होतं?

तोपर्यंत बाग थांबत नाही. शेजाऱ्याच्या ब्लोअरनं टाकीला पाचशे रुपये देऊन औषध मारलं, पण त्याची स्वतःची बाग झाल्यावर माझा नंबर, ते बरोबरच आहे. दोन फवारण्या उशिरा झाल्या. किती घड गेले ते मोजत बसलो नाही, मोजून परत येणार आहेत का.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर मशीन म्हणतं जवळच्या अधिकृत विक्रेत्याच्या माहितीसाठी एक दाबा. एक दाबलं. मेसेजमध्ये त्याच बंद शोरूमचा पत्ता आला. मी हसावं का रडावं.

आता डीलरबद्दल दोन शब्द, कारण गावात सगळे त्यालाच शिव्या घालतायत आणि मला ते पूर्ण पटत नाही. माणूस चोर नव्हता. ट्रॅक्टर विकून डीलरला फार सुटत नाही, त्याचा जीव चालतो तो सर्व्हिस, पार्ट आणि फायनान्सच्या कमिशनवर. महिनाअखेर आली की कंपनीचा एरिया मॅनेजर येऊन बसणार, एवढे पीस उचला नाहीतर टार्गेटचा इन्सेंटिव्ह गेला. उचलायचे बँकेच्या पैशावर, आणि त्या उधारीचं व्याज ट्रॅक्टर विकला जावो न जावो सुरूच. आमच्याकडं एक वर्ष पाणी नाही, एक वर्ष पाणीच पाणी, गिऱ्हाईक येणार कुठनं. ही रड फक्त ट्रॅक्टरची नाही, फाडा म्हणून वाहन डीलरांची जी देशपातळीवरची संघटना आहे तिनंच २०२४ च्या सप्टेंबरच्या सुमाराला सांगितलं होतं की कारच्या डीलरांकडं ८०-८५ दिवसांचा, सुमारे ७९ हजार कोटींचा माल पडून आहे, आणि त्यांच्याच म्हणण्यानं तीन आठवड्यांचा पुरे असतो. आमच्या डीलरनं शेवटी रोडचा प्लॉट विकला म्हणतात. त्याच्याकडं कामाला असलेली अकरा पोरं घरी बसली ते वेगळंच.

पण त्याचं दुःख खरं असलं तरी माझं जॉबकार्ड खोटं होत नाही ना.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीत हे आपण बघितलंय. शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सनं २०१७ ला भारतातली विक्री बंद केली, आपल्या तळेगावचा कारखाना पुढं निर्यातीसाठी चालू राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात तोही थांबला, नंतर ह्युंदाईनं घेतला. फोर्डनं ९ सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा फाडानं आकडे दिले होते, १७० डीलर, ३९१ शोरूम, सुमारे ४० हजार कामगार. दोन्ही वेळी कंपन्या म्हणाल्या की सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील. तरी निदान ती बातमी झाली, टीव्हीवर आली, गाडी वापरणाऱ्याला कळलं की आता सावध व्हा. आमच्यासारख्या ठिकाणी कंपनी जोरात असते, पेपरात पानभर जाहिरात असते, फक्त तालुक्याचा डीलर गुपचूप जातो. ही बातमी कुठंच येत नाही आणि त्रास तोच.

ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये जनरल मोटर्सनं होल्डन हा ब्रँड बंद केला तेव्हा किमान दहा वर्षं सर्व्हिस आणि पार्ट देऊ असं जाहीर करावं लागलं, आणि तिकडच्या सरकारनं पुढच्याच वर्षी कार डीलरांसाठीचे नियम कडक केले. आपल्याकडं संसदेच्या उद्योग समितीनं डिसेंबर २०२० च्या अहवालात डीलरांना संरक्षण देणारा कायदा करा म्हणून शिफारस केली होती. तो कायदा अजून आमच्यापर्यंत काही पोचलेला नाही. आणि आला तरी तो कंपनी आणि डीलर यांच्या भांडणातला असणार, तिसरा माणूस, ज्यानं हप्ते भरायचेत, तो त्यात कुठं बसतो ते बघावं लागेल.

वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला ग्राहक आयोगात जा, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेला ट्रॅक्टर असेल तर शेतकरी ग्राहकच धरतात, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, ऑनलाइन पण दाखल होतं. चांगलं आहे. पण पुढं म्हणाला, कंपनी पहिल्याच तारखेला सांगणार की आमचा आणि डीलरचा करार 'प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल' आहे, म्हणजे दोघं आपापले स्वतंत्र व्यापारी, त्यानं काय केलं त्याला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे विकताना त्याच्या छातीवर कंपनीचा लोगो, शर्ट कंपनीचा, बिलावर कंपनीचं नाव, आणि अंगावर आलं की तो कोण आम्ही कोण. शिवाय तारखा चालणार वर्षभर आणि दावण्या येतो तीन दिवसांत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार घातली आहे, नंबर मिळाला, मेसेज आला, बघू.

एकटा माझाच प्रश्न असता तर पत्र लिहिलं नसतं. आमच्याच भागातल्या एका गुरुजींची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, त्यांचंही शोरूम बंद पडलं (कंपनी वेगळी, गोष्ट तीच). ट्रॅक्टर निदान कुणीतरी पाना लावून खोलतो, त्या स्कूटरला तर लॅपटॉप जोडल्याशिवाय एरर जात नाही आणि तो लॅपटॉप शोरूमवाल्यांबरोबर गेला, गुरुजी परत एसटीनं शाळेत. एकानं रोटाव्हेटरचं बुकिंग केलं होतं, अकरा हजार ॲडव्हान्स, पावती कच्च्या कागदावर. एकाचं तर आरसी बुकच अजून आलं नाही, पासिंग झालंय की नाही तेच कळेना आणि फायनान्सवाले हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापतात.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती. ट्रॅक्टरला सरकार अनुदान देतं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, मग पूर्वसंमती, गटाप्रमाणे सव्वा लाखापर्यंत मिळतं. त्यासाठी कोटेशन पाहिजे अधिकृत डीलरचं, बिल पाहिजे अधिकृत डीलरचं, कृषी सहायक येऊन ट्रॅक्टरजवळ आम्हाला उभं करून फोटो काढतो. म्हणजे कुणाकडनं घ्यायचा हे सरकार बघतं. मग तो अधिकृत डीलर उद्या गेला तर कंपनीला विचारायचं काम कुणाचं? पैसा जनतेचा गेलाय ना त्यात? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला, टायर आणि बऱ्याच पार्टवरचा १८ वरून ५ केला, मी स्वतः त्याचं कौतुक केलं होतं. पण मिळतच नाही त्या क्लच प्लेटवर पाच टक्के लावा नाहीतर पन्नास, मला काय फरक पडतो.

माझं म्हणणं काही फार मोठं नाही. अनुदानाच्या यादीत ज्या कंपन्या आहेत त्यांना कृषी खात्यानं एकच अट घालावी, तालुक्यात डीलर बंद होणार असेल तर तीन महिने आधी प्रत्येक मालकाला मेसेज आणि स्थानिक पेपरात जाहिरात, त्याच काळात प्रत्येक ट्रॅक्टरची जुनी सर्व्हिस नोंद सिस्टीमवर चढवून मालकाच्या हातात तिची प्रत, आणि नवीन डीलर येईपर्यंत महिन्यातनं दोनदा सर्व्हिस व्हॅन. व्हॅन तर आहेच त्यांच्याकडं, मेळाव्याला येते की फुगे लावून. आणि त्या काळात बिघाड झाला तर ट्रॅक्टर न्यायचं भाडं कंपनीचं. शिक्का मारलेलं जॉबकार्ड हाच पुरावा धरायचा, सिस्टीमला दिसो न दिसो.

दुसरं, पार्टचे नंबर उघडे करा. आमच्या त्या मेकॅनिक पोराला हात आहे, डोळा आहे, आठ वर्षं त्यानं तेच ट्रॅक्टर खोललेत, फक्त लॉगिन नाही म्हणून तो अडाणी ठरतो. केंद्रानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, डिसेंबरात पोर्टल पण सुरू झालं. चांगली गोष्ट आहे, पण पोर्टलवर माहिती देऊन कंपनी मोकळी होत असेल तर जतच्या रोडवरच्या पत्र्याच्या शेडात ती प्लेट पोचत नाही.

सध्याची परिस्थिती अशी की प्लेट शेवटी त्याच पोरानं कोल्हापूरहून ओळखीनं मागवली, तीन हजार चारशे रुपये, पक्कं बिल नाही. ट्रॅक्टर चालू आहे. सांगलीवाले म्हणतात बाहेरच्या माणसानं खोलला म्हणून आता उरलेली वॉरंटीपण गेली. क्लेमचा ईमेल केलाय, त्यावर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढं उत्तर आलंय.

तुमच्या तालुका वार्ताहरांनी आपापल्या भागात गेल्या दोन वर्षांत कुठली शोरूम बंद झाली आणि त्यांच्या मागं किती गाड्या उरल्या एवढी यादी जरी छापली तरी पुष्कळ होईल. माझं नाव छापू नका, क्लेम अजून लटकलाय.

आपला,
एक बागायतदार,
जत तालुका (पूर्व भाग), जि. सांगली