पोटदुखी

बंगळुरू, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "एमबीबीएस झालं, एमडी झालं, आता आणखी तीन वर्षं कसली?" वॉर्डात होते म्हणून फोन ठेवला, पण खरं तर उत्तरच जुळत नव्हतं. (लग्नाचं काकूला तुम्हीच काय ते सांगा.)

निमहान्स या इथल्या मानसिक आरोग्य संस्थेतलं हे डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, फक्त मुलांच्या आणि वयात येणाऱ्यांच्या मानसोपचाराचं. मोठा माणूस "उदास वाटतंय" म्हणतो तरी. मूल चिडतं, दप्तर भिरकावतं, नाहीतर पोट धरून बसतं.

आपला चिनू आठवतो? २०१९ चा पूर, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. घरातला गाळ काढला, पंचनामा झाला, भिजलेल्या गादीपर्यंत सगळ्याची यादी झाली. दिवाळीनंतर चिनूचं ऐन शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं. आई, तू ओवा दिलास. सोनोग्राफी नॉर्मल आली. बाबा म्हणाले, "नाटकं." आणि मी, डॉक्टर व्हायला निघालेली, फोनवरून सांगितलं, "अ‍ॅसिडिटी असेल."

गेल्या मे महिन्यात गच्चीवर तो सहज बोलून गेला, "मला वाटायचं, मी शाळेत असताना पाणी आलं तर आई त्या गुडघ्यांनी वर कशी चढेल?" पोट खरंच दुखायचं त्याचं. भीतीनंही दुखतं. (त्याला विचारूनच लिहितेय हे.)

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे तुमच्या दहावीच्या साठ पोरांच्या वर्गात चारेक. तीस वर्षं हजेरी घेतलीत तुम्ही. मागच्या बाकावरचे एकदोन आत्ताही डोळ्यांपुढे आले असतील.

इथे निपाणीकडचा एक मुलगा येतो. मराठी बोलणारी म्हणून मला बसवलं. दोन भेटी तो "हं"च्या पुढे गेला नाही. तिसऱ्यांदा सापशिडी मांडली. नजर फाशावर ठेवून, नव्व्याण्णववरून खाली घसरता घसरता, त्याने घरातलं एक वाक्य सांगितलं. मी पुढे विचारलं नाही, फासा त्याच्या हातात दिला.

मंगळवारी परत येणार आहे. सोंगटी कुठल्या घरात होती ते लिहून ठेवलंय. पोरं विसरत नाहीत.

स्टायपेंड मिळतो, पैशाची काळजी नको. आई, इकडे कोणी येणार असेल तर भडंग पाठव, लसूण जास्त घालून.

तुमची,
माई