मशीन कपाटात, चावी घरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात फुटबॉलच्या पानावर गोल किती झाले, कोण कुठल्या टीमला गेला हे सगळं येतं, पण खेळाडू मैदानात कोसळला तर पुढची पाच मिनिटं काय करायचं हे कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः पेठेतल्या टीमकडून बारा वर्षं लेफ्ट बॅक खेळलोय, आता गुडघे गेलेत, फक्त बघतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका स्पर्धेत दुपारच्या मॅचला एक पोरगा हाफ लाइनजवळ कुणाचा धक्का नाही काही नाही, नुसता बसला आणि आडवाच झाला. शंभरेक लोक मैदानात घुसले, एकानं तोंडावर पाणी मारलं, एकानं कांदा हुंगवला, एक जण चप्पल हुंगवा म्हणून ओरडत होता, नाडी मात्र कुणी बघितली नाही. ॲम्ब्युलन्स होती पण तिच्यात ड्रायव्हर सोडून कोणी नाही. आणि एईडी म्हणतात ते हृदयाला शॉक देणारं मशीन, ते पण होतं बरं का, कुणा देणगीदारानं दिलेलं, ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि चावी ज्यांच्याकडे ते जेवायला घरी गेलेले. नशीब की उन्हानं चक्कर आली होती, पोरगा दहा मिनिटांत उठून बसला.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा धडा म्हणजे गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझीलचा स्ट्रायकर ख्रिस्तियानो ज्युनियर. 5 डिसेंबर 2004, बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो उठलाच नाही, हॉस्पिटलमध्ये मृत घोषित केला, वय 25. डेम्पोनं त्याची 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. पण नंतर सगळी चर्चा कशाची, तर गोलकीपरची चूक होती का आणि त्याला शिक्षा किती. मैदानात उपचार किती मिनिटांत आणि कुणी केले हा प्रश्न मागंच पडला.

आता दुसरीकडे बघा. 2012 च्या मार्चमध्ये लंडनला मॅच चालू असताना बोल्टन क्लबचा खेळाडू मुआम्बा कोसळला, हृदय 78 मिनिटं बंद, पण मैदानातच छाती दाबणं आणि शॉक देणं सुरू झालं, मॅच बघायला आलेला एक हार्टचा डॉक्टर प्रेक्षकांतून उठून धावत आला, आणि माणूस जगला. खेळणं सुटलं, पण जगला. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन तसाच पडला तर कॅप्टन क्येरनं पोरांना त्याच्याभोवती गोल उभं केलं, गर्दी आत नाही, कॅमेऱ्याला दिसणार नाही, आणि आत डॉक्टर लोक शांतपणे आपलं काम करतायत. आमच्याकडं कडं करतात ते मोबाइलवर शूटिंग करायला.

लोक म्हणतात आधी तपासणी करा, सगळं कळतं. करा की, केलीच पाहिजे. आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवबरोबर 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला अन्वर अली, त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय हे 2019 मध्ये तपासणीतच कळलं. तेव्हा तो मुंबई सिटी क्लबचा होता, वय जेमतेम 19. देशाचं फुटबॉल फेडरेशन खेळू नको म्हणत होतं, तो दिल्ली हायकोर्टात गेला, पुढे एफसी गोवाकडून आणि भारताकडून खेळला. त्यानं बरोबर केलं की चूक हे मला आजही ठरवता येत नाही, त्याच्या आईच्या जागी असतो तर झोप लागली नसती एवढं खरं. पण एरिक्सन तर इंटर मिलानचा होता, इटलीत दरवर्षी हृदय तपासल्याशिवाय खेळूच देत नाहीत, तरी तो पडलाच ना. म्हणजे तपासणीतून निसटलेल्यासाठी मशीन लाइनच्या बाहेर उघड्यावर पाहिजे आणि ते लावता येणारा माणूस शेजारी पाहिजे. हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायला जेवढा उशीर तेवढी आशा कमी, मिनिटामिनिटानं. मशीन स्वतःच बोलून सांगतं काय करायचं, डॉक्टरच लागतो असंही नाही, आणि छाती दाबायला तर नुसते हात लागतात, ते दोन तासांत शिकता येतं.

बाहेरून प्लेअर आणायला आणि बक्षिसाला आमच्याकडं पैसा निघतो, तेव्हा परवडत नाही हे कुणी सांगू नये. माझं म्हणणं एवढंच, रेफ्री जसा नाणेफेकीआधी जाळी आणि बॉल तपासतो तसं मशीन कुठं आहे आणि ते कोण चालवणार हे बघितल्याशिवाय त्यानं शिट्टीच मारू नये. दोन मॅच थांबल्या की आपोआप सगळं जागेवर येईल.

तो चक्कर आलेला पोरगा पुढच्याच मॅचला बदली खेळाडू म्हणून उतरला पण. चावी मात्र अजून त्याच माणसाकडे आहे, परवाच विचारून आलो.

आपला,
एक जुना लेफ्ट बॅक, कोल्हापूर