फुग्याचा उपचार झाला, डोळा कोण बघणार?

महोदय,

मेंदूच्या रक्तवाहिनीवरच्या फुग्यात कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) किंवा त्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीदार नळी) टाकून बीड-परभणीचे रुग्ण पुण्या-हैदराबादहून घरी येतात. एखाद्या सकाळी डोळा लालभडक दिसतो आणि घरचे घाबरून गोळ्या बंद करतात. हीच घोडचूक. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांमुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा डाग उमटू शकतो. दुखत नसेल, नजर नेहमीसारखी असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत विरतो. गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अर्धांगवायूची भीती.

खरा धोका बाहेरून दिसतच नाही. फुगा फुटताना कवटीतला दाब एकदम वाढतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यापुढच्या (रेटिनापुढच्या) जेलीत रक्त उतरू शकतं, त्याला टर्सन सिंड्रोम म्हणतात. शुद्धीवर आलेला रुग्ण 'धूर दिसतो' म्हणतो, आणि आपण ते अशक्तपणावर ढकलतो. एकेक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावा. जमलं नाही तर बाहुली मोठी करून पडदा तपासावा. पण थेंब टाकण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारावं, कारण बाहुलीच्या आकारावरूनही ते मेंदूच्या स्थितीचा अंदाज घेतात. काही महिन्यांत रक्त न विरल्यास व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ती रक्ताळलेली जेली काढण्याची शस्त्रक्रिया, करतात. डिस्चार्ज कार्डावर पडदा-तपासणीचा एक रकाना ठेवायला काय हरकत आहे?

— एक नेत्रतज्ज्ञ, लातूर