भेट दिलेल्या ताऱ्याचा फोटो काढता येत नाही, कारण प्रमाणपत्रावर त्याचा पत्ताच नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘तारा भेट’ संचातील अपुरे निर्देशांक, दृश्यतेबद्दलचा चुकीचा दावा आणि ताऱ्याच्या फोटोऐवजी दिलेले भलत्याच भागाचे चित्र

महोदय / महोदया,

सात वर्षांच्या भाचीच्या वाढदिवसासाठी आम्ही आपल्याकडून ‘तारा भेट’ संच घेतला आणि जादा रक्कम भरून ताऱ्याचा फोटोही मागवला. संचात तिच्या नावाचे प्रमाणपत्र, एक आकाशनकाशा आणि मोबाइल अ‍ॅपचा कोड होता. फोटो नंतर ई-मेलने आला. आकाशछायाचित्रण हा आमचा नेहमीचा छंद आहे, त्यामुळे तिचा तारा स्वतः टिपून तिला दाखवायचा, असे ठरवले होते. ते आजवर जमलेले नाही. आपल्या ग्राहक सेवेने यावर ‘मोठी दुर्बीण वापरा’ असे उत्तर दिले. अडचण दुर्बिणीची नाही, आपल्या कागदाची आहे. कशी, ते खाली सविस्तर लिहितो.

प्रमाणपत्रावर छापले आहे : तारकासमूह शर्मिष्ठा, विषुवांश १ तास २० मिनिटे, क्रांती +५८ अंश, प्रत ११. बस. (विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद.) सेकंद नाहीत, कोणत्याही तारासूचीतला क्रमांक नाही आणि हे आकडे कोणत्या वर्षाच्या संदर्भाने दिले आहेत तेही नाही.

आता एवढ्या माहितीवर आकाशात काय हाती लागते ते पाहा. विषुवांशाचे एक मिनिट म्हणजे खगोलीय विषुववृत्तावर १५ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ५८ अंश क्रांतीवर ते आकसून सुमारे ८ कला होते. क्रांती पूर्ण अंशात दिली आहे, म्हणजे तिथे ६० कलांची मोकळीक. थोडक्यात, आपण एक बिंदू दिलेला नाही. ८ कला रुंद आणि पूर्णचंद्राच्या दुप्पट लांबीची उभी पट्टी दिली आहे. टायको-२ या तारासूचीत सुमारे २५ लाख तारे आहेत. ते सगळ्या आकाशावर सारखे पसरले असे धरले तरी दर चौरस अंशाला साठेक तारे येतात आणि या पट्टीच्या वाट्याला आठ. पण शर्मिष्ठा आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे, तिथे दाटी सरासरीपेक्षा बरीच जास्त. त्यात भर म्हणजे आपली पट्टी नेमकी एनजीसी ४५७ या तारकागुच्छाला छेदून जाते. विल्यम हर्शेल यांनी १७८७ मध्ये शोधलेला हा गुच्छ. शर्मिष्ठेतला पाचव्या प्रतीचा फाय हा ताराही याच पट्टीत येतो. अकराव्या प्रतीच्या आसपासचे ठिपके तिथे एकाहून जास्त आहेत. त्यांपैकी मुलीचा कोणता? नुसता पिनकोड सांगून पाहुण्याला घर शोधायला पाठवावे, तसे हे झाले.

वर्षाचा संदर्भ नसणे ही यापेक्षाही गंभीर चूक आहे. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे, निर्देशांकांचे जाळे सतत सरकत असते. आकाशाच्या या भागात विषुवांश दरवर्षी सुमारे ३.८ सेकंदांनी आणि क्रांती सुमारे १९ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वाढते. म्हणजे हे आकडे १९५० च्या जाळ्यातले असतील, तर २००० च्या जाळ्यात तो तारा १ तास २३ मिनिटांच्या पुढे आणि पाव अंश उत्तरेला सापडेल. दोन जागांमधले अंतर जवळजवळ एका पूर्णचंद्राएवढे. आणि आकडे २००० चे असतील, तर आजच्या तारखेच्या जाळ्यातली त्याची जागा अर्ध्या चंद्राएवढी सरकलेली आहे. आजची सॉफ्टवेअरे बहुतेक २००० चा संदर्भ गृहीत धरतात, बऱ्याच दुर्बिणींची गोटू (तारा आपोआप शोधणारी) यंत्रणा आजच्या तारखेचा. कागदावर ‘जे २०००’ (२००० चा संदर्भ) एवढेच छापले असते तरी हा प्रश्न उरला नसता.

प्रकाश कमी पडतो म्हणून तारा दिसत नाही, हे आपल्या ग्राहक सेवेचे म्हणणेही खरे नाही. अकराव्या प्रतीपर्यंत पोहोचायला साधा डीएसएलआर आणि १३५ मिमीची लेन्स पुरते. मोठ्या दुर्बिणीने उलट दृश्यक्षेत्र लहान होते आणि ओळखीचे तारे चौकटीबाहेर जातात. आपण हीच सेवा इतर पालकांनाही विकता, म्हणून पद्धत नीट लिहून देतो.

शर्मिष्ठेचा इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार ओळखावा. त्यातल्या डेल्टा ताऱ्यापासून दोन अंश दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, फाय तारा आणि त्याला चिकटून गुच्छ आहे. हा भाग पुण्याहून नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सर्वांत उंच, सुमारे ५० अंशांवर असतो. शहराच्या दक्षिणेला जाऊन फोटो काढायला उभे राहिले, तर उत्तरेकडे पाहताना शहराचाच उजेड मध्ये येतो. म्हणून जुन्नर-नारायणगावच्या बाजूला जावे आणि रात्र अमावास्येच्या आसपासची धरावी.

लेन्स एफ २.८, आयएसओ ३२००, फाइल रॉ, स्थिरीकरण बंद. फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवू नये, ती खूण क्वचितच बरोबर असते. ब्रह्महृदयासारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवावी आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावावी. रात्री गारठा वाढला की फोकस हलतो, तासाभराने पुन्हा तपासावा. दवाने लेन्सची काच धूसर झाली की मंद तारे आधी जातात, त्यामुळे लेन्सभोवती गरम पट्टा असलेला बरा.

तिवईवर, ट्रॅकरशिवाय (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय), उघडकाळ (एक्सपोजर) किती ठेवायचा? १.५ क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १३५ मिमीला ‘५०० च्या नियमा’ने (५०० ला मिमी आणि क्रॉपच्या गुणाकाराने भागून) अडीच सेकंद येतात. क्रांती ५८ अंश असल्याने तारे इथे कमी वेगाने सरकतात आणि मर्यादा साडेचार सेकंदांच्या पुढे जाते. तरीही हा नियम ढिला आहे. मोठी प्रिंट काढायची तर दोन सेकंदच ठेवावेत. एका फ्रेममध्ये अकराव्या प्रतीचा तारा गोंगाटात (सेन्सरच्या दाणेदारपणात) बुडतो. अशा ६४ फ्रेम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचल्या, की गोंगाट आठपट खाली येतो आणि ठिपका जागेवर ठाम उभा राहतो. लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओला आणि तेवढ्याच उघडकाळाच्या पंधरा-वीस डार्क फ्रेम घ्याव्यात, नाहीतर सेन्सरचे तापलेले पिक्सेल तारे म्हणून मिरवतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, प्लेट सॉल्व्हिंग. अस्टॅप किंवा अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट हे सॉफ्टवेअर फोटोतल्या ताऱ्यांची मांडणी सूचीशी जुळवते आणि चौकटीचा मध्य, फिरवण आणि प्रति पिक्सेल विकला सांगते. ३.९ मायक्रॉनचे पिक्सेल आणि १३५ मिमी धरले तर सुमारे ६ विकला प्रति पिक्सेल यायला हव्यात आणि चौकट १० गुणिले ६.६ अंशांची. आमची फ्रेम याच मापाने जुळली आहे. म्हणजे योग्य भाग आमच्याकडे नोंदलेला आहे आणि हव्या त्या प्रतीपर्यंत तारेही त्यात आहेत. त्यातल्या कोणत्या ठिपक्याभोवती खूण करायची, एवढेच फक्त आपण सांगू शकता आणि तेच सांगत नाही.

आता आपण पाठवलेल्या फोटोबद्दल. हाच फोटो आम्ही प्लेट सॉल्व्ह केला. तो शर्मिष्ठेचा नाही. चौकट हंस तारकासमूहात, डेनेब ताऱ्याजवळ जुळते, म्हणजे प्रमाणपत्रावरच्या जागेपासून ४० अंशांहून दूर. शिवाय मधल्या निळ्या ताऱ्याला चार लांब किरण आहेत, पण त्याच चौकटीतल्या तितक्याच तेजस्वी इतर ताऱ्यांना एकही नाही. असे किरण परावर्ती दुर्बिणीतला दुय्यम आरसा धरणाऱ्या पात्यांमुळे येतात आणि आले तर सगळ्याच ठळक ताऱ्यांना, एकाच कोनात येतात. एकट्या ताऱ्याला आले, याचा अर्थ ते नंतर रंगवले आहेत. सजावटीचे चित्र विकायला आमची हरकत नाही. मुलाच्या नावाने ‘आपल्या ताऱ्याचे प्रत्यक्ष छायाचित्र’ म्हणून ते विकणे आम्हाला मान्य नाही. सात वर्षांचे मूल हे चित्र भिंतीवर लावते आणि त्यावर विश्वास ठेवते. उद्या तेच मूल दुर्बिणीला डोळा लावेल तेव्हा तिथे निळे किरण नसतील.

आपल्या संकेतस्थळावर ‘भारतात वर्षातील प्रत्येक रात्री, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारा’ असेही लिहिले आहे. यातले काहीच खरे नाही. नुसत्या डोळ्यांची मर्यादा अंधाऱ्या गावातही साधारण सहावी प्रत. अकरावी प्रत म्हणजे त्याहून शंभरपट मंद. आणि कधीच न मावळणारा तारा पुण्याच्या १८.५ अंश अक्षांशावर हवा असेल, तर त्याची क्रांती +७१.५ अंशांहून जास्त असावी लागते. शर्मिष्ठा युरोपच्या उत्तरेकडे कधी मावळत नाही, म्हणून हे वाक्य तिकडच्या माहितीपत्रकातून जसेच्या तसे आले असावे. आपल्याकडे हा भाग क्षितिजाखाली साडेतेरा अंशांपर्यंत जातो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत रात्री नऊला तो वर नसतोच. वाढदिवसाच्या, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर तो रात्री दोननंतर उगवतो आणि जरा वर येतो तोवर पहाट होते. जूनपासून पावसाळी ढग. मेमध्ये जन्मलेल्या मुलीला हा तारा देण्यापूर्वी कोणीतरी स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुणे आणि तारीख टाकून पाहायला हवे होते.

प्रमाणपत्रावरच्या ‘आंतरराष्ट्रीय स्तरावर नोंदणीकृत नाव’ या शब्दांनाही आमची हरकत आहे. ताऱ्यांची अधिकृत नावे १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना ठरवते. त्यासाठी २०१६ मध्ये तिने स्वतंत्र कार्यगट नेमला. ती नावे विकत नाही. आपल्या वहीतले नाव आपल्याच वहीत राहते. सिंबाडसारख्या खगोलीय माहितीकोशात ते नाही आणि येणारही नाही. अ‍ॅपमध्ये नाव दिसते, कारण अ‍ॅपही आपलेच आहे. भेट म्हणून हे चालेल, पण तसे स्पष्ट छापा.

खरे नाव कसे पडते, याचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. २०१९ मध्ये संघटनेच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवण्यासाठी देण्यात आला. भारताच्या वाट्याला षडंश तारकासमूहातला एचडी ८६०८१ आला. भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून त्याचे नाव ‘बिभा’ आणि ग्रहाचे ‘संतमस’ ठेवले गेले. विषुवांश ९ तास ५६ मिनिटे ६ सेकंद, क्रांती उणे ३ अंश ४८ कला, जे २०००, प्रत ८.७. अल्फार्ड या ठळक ताऱ्यापासून ईशान्येला साडेआठ अंशांवर. मेच्या मध्यावर रात्री नऊला तो पुण्यातून नैऋत्येकडे ५० अंशांहून उंच असतो आणि याच १३५ मिमी लेन्सने टिपता येतो. फक्त तो विषुववृत्ताजवळ असल्याने उघडकाळ एका सेकंदावर आणावा लागतो. एका ताऱ्याबद्दल इतके लिहिले की कोणालाही तो सापडतो. आपल्या प्रमाणपत्राकडूनही आमची एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा. मुलीच्या ताऱ्याचा टायको-२ किंवा गाया सूचीतला क्रमांक आणि जे २००० चे सेकंद-विकलांपर्यंतचे निर्देशांक लेखी कळवावेत. हाच तारा दुसऱ्या कोणाला दिलेला नाही, हेही त्यात लिहावे. तसा एक निश्चित तारा आपल्या नोंदीत नसेल, तर संचाची पूर्ण रक्कम परत करावी. फोटोची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत हवी. फोटो पुन्हा देणार असाल, तर तो तीन पायऱ्यांत द्यावा : २४ मिमीने ध्रुव आणि शर्मिष्ठा एकत्र, मग १३५ मिमीची चौकट, मग तिचा कापलेला तुकडा. त्यात तारा ठिपकाच राहू द्यावा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक रेघा असाव्यात. सोबत प्लेट सॉल्व्हचा अहवाल. मुलाला बोटाने वाट दाखवायला हा क्रम पुरतो. ‘प्रत्येक रात्री’, ‘नुसत्या डोळ्यांनी’ आणि ‘आंतरराष्ट्रीय नोंदणी’ हे तिन्ही शब्दप्रयोग संकेतस्थळावरून काढावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. त्या मुदतीत उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ.

आपले ग्राहक,
पुणे

सोबत : पावती आणि प्रमाणपत्राची प्रत, आपण पाठवलेला फोटो व त्याचा प्लेट सॉल्व्ह अहवाल, आमची स्टॅक केलेली फ्रेम, त्यावर आपल्या निर्देशांकांची पट्टी आखून, संकेतस्थळावरील दाव्यांचे स्क्रीनशॉट